तिसऱ्या हाताची कडी

४ फेब्रुवारी

या घरात माझ्या हातानं झालेल्या वस्तू: जेवणाचं टेबल. सहा खुर्च्या, त्यांतल्या चार अगदी एकसारख्या आणि दोन शिकतानाच्या. पलंग. बायकोचं कपाट, ज्याचं दार आजवर एकदाही कुरकुरलेलं नाही. खिडक्यांच्या चौकटी, कारण आधीच्या काटकोनात नव्हत्या आणि माझं जेवणात लक्ष लागत नव्हतं. मागच्या खोलीतलं कामाचं टेबल, ज्यावर हे सगळं झालं. ते टेबल मात्र जमिनीवर बसून केलं, कारण तेव्हा टेबल नव्हतं. पाळणा. आणि भुंगी. तिच्यात आपला वाटा जास्त आहे असं बायकोचं म्हणणं आहे. बायको नर्स आहे, तिला माहीत असणार.

यातलं काहीही मी कुणाकडे शिकलो नाही. आधी लाकूड बिघडवलं, मग कमी बिघडवलं, मग बिघडवायचं थांबलो.

ही वही सुरू करायचं कारण भुंगी. वय सव्वादोन. खरं नाव कागदोपत्री आहे. पण ती काम करताना गुणगुणते आणि जे दिसेल ते पोखरते, म्हणून भुंगी. आज मी दाराशी गिऱ्हाइकाशी बोलत होतो तेवढ्यात तिनं मागच्या खोलीतला स्क्रूचा खण उघडला आणि सगळे स्क्रू फरशीवर लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावले. रांग चांगली होती. मी दोन मिनिटं बघतच राहिलो. तेवढ्यात बायको ड्युटीवरून आली आणि तिनं फक्त भुंगीचा फुगलेला गाल बघितला. करंगळी घालून स्क्रू बाहेर काढला. पाऊण इंची. रांगेत त्याची जागा सापडली नव्हती, म्हणून तोंडात ठेवला असावा.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अहो, आजचा स्क्रू मी काढला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी काही बोलणार नाही. बॅग भरेन आणि हिला घेऊन आईकडे जाईन. नाही तर ही खोली घरातून हलवा."

खोली हलवायची म्हणजे रस्त्यावर गाळा घ्यायचा. तेवढं माझ्या आवाक्यात नाही.

"कडी करतो," मी म्हणालो.

"कडी!" ती म्हणाली. "तुमची मुलगी आहे ती."

हे कौतुक होतं की नाही, ते कळलं नाही.

७ फेब्रुवारी

मागच्या खोलीला लागून एक छोटी साठ्याची खोली आहे, बिनखिडकीची. पटाश्या, करवती, खिळे, टर्पेंटाइन, पॉलिश, सगळं तिथं हलवलं. दाराला बाहेरून आकडा लावला.

भुंगीनं तो माझ्याच पट्टीनं उचकटला. पट्टी जिथं होती तिथं नेऊन ठेवली. कामाची वस्तू जागच्या जागी, हे मी दिवसभर बडबडत असतो. निदान एवढं तरी कुणीतरी ऐकतंय.

बाकी आजची कामगिरी: माझा चष्मा वॉशिंग मशीनमध्ये. घड्याळाला कान लावून "आत कोण?" अशी चौकशी. मी म्हणालो, कुणी नाही, यंत्र आहे. ती म्हणाली, "यंत्र काय कत्तं?" मी सांगायला बसलो. पेंडुलमपर्यंत आलो तेव्हा ती निघून गेली होती.

१२ फेब्रुवारी

दुसरी कडी: फिरवायची लाकडी खिट्टी, घट्ट. हिला फिरणार नाही याची खात्री होती.

आज पडद्याआडून पाहिलं. आधी तिनं फिरवून बघितली. फिरली नाही. मग ती चक्क मागे सरकून बसली आणि खिट्टीकडे बघत राहिली. बराच वेळ. मग उठून गेली, आईची क्रीमची बाटली घेऊन आली आणि खिट्टीला क्रीम फासलं.

मला राग यायला हवा होता. घाबरायला तर हवंच होतं, आत करवती आहेत. पण खरं लिहायचं तर माझी छाती फुगली. वंगण! माझं मला हे तिशी उलटल्यावर सुचलं होतं.

मग भानावर आलो आणि तिला उचललं. बायकोला क्रीमचं सांगितलं नाही. बाटली निम्मी झालेली तिनं पाहिलीच.

१४ फेब्रुवारी

आता अंदाजपंचे नको. मोजमाप घ्यायचं.

भुंगीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढला. तिनं लगेच माझा पंजा मागितला आणि माझ्या मनगटापर्यंत पेन्सिल चालवली. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि तिला दोन्ही हातांनी दाबायला लावला. अंगातला सगळा जोर तिनं लावला, जीभ बाहेर काढून. आकडा लिहून घेतला.

बायको दारात उभी. "पोरीला भाजीसारखी तोलताय का?"

"जोर मोजतोय."

"माझ्या जोराचं कधी कुतूहल वाटलं नाही ते."

२१ फेब्रुवारी

झाली. आजवरच्या सगळ्या कामांत हे काम पहिल्या नंबरचं.

रचना अशी. दारावर एक गोल लाकडी गुंडी आणि तिच्या बाजूला एक सरकपट्टी. गुंडी आत दाबून धरायची आणि त्याच वेळी पट्टी सरकवायची, तरच दार उघडतं. गुंडीखालची स्प्रिंग अशी निवडली की दाबायला भुंगीचे दोन्ही हात पूर्ण जोरानं लागावेत. दोन्ही हात गुंडीवर गेले की पट्टी कशानं सरकवणार? तिसरा हात लागेल. मोठ्या माणसाला एका हाताच्या तळव्यानं जमतं.

शिवाय बिजागऱ्या किंचित कलत्या बसवल्या, त्यामुळे दार सोडलं की आपोआप मिटतं आणि कडी आपोआप लागते. मी आत जाताना दाराखाली पाचर सरकवतो. पाचर म्हणजे लाकडाचा निमुळता तुकडा, बस्स.

बायकोला दाखवलं. तिनं विचारलं, "सगळं छान आहे, पण एवढं खाली कशाला? वर लावा ना, माणसाच्या उंचीला."

"वर कडी लावायला अक्कल लागत नाही. ज्याच्याकडे स्टूल आहे त्याच्याकडे उंची आहे. कडी तिच्या उंचीला असून तिला उघडली नाही, तर तिला कडी म्हणायचं."

"कडीला काय म्हणायचं ते म्हणा," बायको म्हणाली. "मला पोरगी आतली नको, बाहेरची हवी."

पण कडी खालीच राहिली.

शेवटी मी नेहमीच्या सवयीनं दाराला कपाळ टेकलं आणि डोळे मिटून स्प्रिंगचा आवाज ऐकला. लाकडात काय चाललंय ते कपाळाला कानाच्या आधी कळतं. रंधा मारताना, सांधा बसवताना, मी हे नेहमीच करतो. भुंगी शेजारी पाचर धरून उभी होती. काम नीट बघत होती, हे सांगायला हरकत नाही.

दुपारभर तिनं दोन्ही हातांनी गुंडी दाबून पाहिली. मग पट्टी ओढून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग बाहुली घेऊन गेली.

हरली. आनंद झाला आणि का कोण जाणे, जरा चुकल्यासारखंही झालं.

२ मार्च

घरात शांतता आहे. बायको ड्युटीवर निर्धास्त जाते. भुंगी कडीकडे ढुंकून बघत नाही.

भुंगीच्या कपाळावर मधोमध एक तांबडा गोल वळ आहे. मुंगी चावली असणार. बायको म्हणाली, "मुंगी इतकी गोल चावत नाही." नर्स आहे, पण घरच्या माणसाचं निदान करताना हिला शंकाच फार.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. साठ्याच्या खोलीतला काचपेपर माझ्या चपलेत सापडला. बायकोला म्हणालो, वस्तू घेतली की सांगत जा.

"मी तुमच्या काचपेपरचं काय करू? टाचा घासू?"

मी काचपेपर जागेवर नेऊन ठेवला.

५ मार्च

वरच्या मजल्यावरच्या काकू पाळणाघर चालवतात. त्यांनी कडी पाहिली आणि सहा कड्या मागितल्या. औषधांचं कपाट, फिनेल, झाडूची खोली, सगळ्यांना. करून बसवल्या. काकू म्हणाल्या, "तुम्ही माझा संसार वाचवलात हो." एका कारखानदाराची नात त्यांच्याकडे येते. त्याचा कपाटांच्या कड्या-बिजागऱ्यांचा कारखाना आहे. काकू त्याला बोलावणार आहेत.

कपाळावरचा वळ अजून आहे. मुंग्यांसाठी खिडकीत पावडर टाकली.

११ मार्च

कारखानदार आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोजपट्टी. मला "मिस्त्री" म्हणाला. मी मिस्त्री नाही, पण ते सांगायला तोंड उघडणार तोच त्यानं कडी दाबून पाहिली आणि "अरे वा!" म्हणाला, म्हणून सोडून दिलं.

त्याला परीक्षा हवी होती. काकूंच्या पाळणाघरात एका कपाटात बिस्किटं ठेवली आणि सगळ्या पोरांना दाखवली. मग काय विचारता! दहा-अकरा पोरं कपाटावर तुटून पडली. एकानं गुंडीला लाथ मारली. एकानं कपाटाला "पीज" म्हणून पाहिलं. एक पोरगं दोन्ही हातांनी दाबत होतं आणि दुसरं पट्टीकडे जात होतं, तेव्हा मी एक पाऊल पुढे सरकलो. पण दुसऱ्यानं पट्टीऐवजी पहिल्याचे केस ओढले. माणसाचं माणसाशी जमत नाही यावर माझी कडी उभी आहे, असं वाटून गेलं. एकालाही उघडली नाही.

भुंगीनं प्रयत्नच केला नाही. ती कारखानदाराच्या पायाशी बसून त्याच्या बुटाची नाडी सोडत होती. तिला ती बिस्किटं आवडत नाहीत.

"तुमची मुलगी तर बघतही नाही," कारखानदार म्हणाला.

"तिला माहीत आहे, उघडत नाही," मी म्हणालो.

तो जायला उठला आणि बूट पायातून निघून मागे राहिला.

१४ मार्च

आज खडाजंगी. माझं पॉलिशचं फडकं भुंगीच्या बाहुलीच्या अंगावर पांघरूण म्हणून. ते फडकं साठ्याच्या खोलीत, आतल्या फळीवर होतं. त्याला टर्पेंटाइनचा वास आहे. आता गप्प बसलो नाही.

"तू आत जातेस आणि वस्तू बाहेर टाकतेस, आणि मग बॅग भरायच्या धमक्या मला!"

"अहो, मला तुमची ती कडी उघडतसुद्धा नाही! आठ तास उभं राहून आल्यावर हातात तेवढा जोर नसतो. दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला."

"मग कोण उघडतं? भुंगी?"

दोघंही हसलो. भांडण मिटलं. भुंगी पण हसली. तिला आम्ही हसलो की हसू येतं.

फडकं मीच विसरलो असेन, असं म्हणून टाकलं. पण मी वस्तू विसरत नाही.

१७ मार्च

कारखानदारानं आकडा सांगितला. कडी त्याच्या नावावर, मी पुन्हा ती कुणासाठी करायची नाही, आणि एकरकमी पैसे. आकडा इथं लिहीत नाही. सही झाल्यावर लिहीन. कच्च्या कामावर मी पॉलिश चढवत नाही.

एवढं लिहितो की त्यात रस्त्यावरचा गाळा येतो, खिडक्यांसकट. बायकोला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली. शिकतानाच्या दोघींपैकी एकीत, ती जरा डगमगते. "मागची खोली रिकामी होईल," ती म्हणाली. "तिथं भुंगीचा पलंग लावू." आणि मग, अगदी हळू, "मी उगाच कडीला हसले."

हे वाक्य मी दोनदा ऐकून घेतलं. ऐकू आलं नाही असं सांगून.

सही बावीसला.

२० मार्च

अंगठ्याला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

बायको ड्युटीवर. मी लाकूड चिकटवायचा सरस तापत ठेवला होता, मागच्या खोलीत, विजेच्या शेगडीवर, टेबलाच्या कडेपासून लांब. भुंगी फरशीवर भुशाचे डोंगर करत होती. मला आतून ब्रश हवा होता. पाचर लावली, आत पाऊल टाकलं, ब्रश घेतला आणि वळलो, तर दार मिटत होतं. झडप घातली. चट् असा आवाज झाला. फार सुरेख आवाज. मीच तो तसा बसवलाय.

फटीतून प्रकाशाची एक रेघ आणि पलीकडे भुंगीचा आवाज: "बाबाची पात्तल."

पाचर तिनं उचलली होती.

आतून त्या दाराला काहीही नाही. गुंडी बाहेर, पट्टी बाहेर. बाहेर उकळता सरस, शेगडीची लोंबती वायर, आणि सव्वादोन वर्षांची मुलगी. फोन टेबलावर.

"भुंगी," मी अगदी साध्या आवाजात म्हणालो, "टेबलाकडे जायचं नाही हं. गरम आहे."

"गलम," ती म्हणाली. मग स्टूल ओढल्याचा आवाज.

"भुंगी! हात लावू नकोस!"

"हात नाही."

"मग काय करतेस?"

"फुंकल."

सरसावर फुंकर घालत होती. स्टुलावर चढून, तोंड भांड्याजवळ नेऊन. गरम असलं की फुंकर घालायची, हे मीच शिकवलंय, दुधाच्या वेळी.

मी दाराला खांदा लावला. दार माझं आहे, चौकट माझी आहे, सांधे माझे आहेत. हललं नाही. पटाशी घेऊन बिजागरीच्या बाजूनं खणायला लागलो. अंधारात पटाशी निसटून अंगठ्यात घुसली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की एखादं काम जरा कच्चं करायला हवं होतं. मी काकूंना हाका मारल्या. वर पोरं रडत होती, कुणाला ऐकू जाणार?

"भुंगी, खाली उतर. इकडे ये. बाबाकडे ये."

"थांब. काम आहे."

हे वाक्यसुद्धा माझंच.

"भुंगी, बाबा अडकला," मी म्हणालो. आवाज साधा ठेवता आला नाही.

फुंकर थांबली. मग काहीच नाही. स्टूल नाही, पाऊल नाही. त्या शांततेत माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते लिहीत नाही.

मग दाराच्या अगदी जवळ, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, गुणगुणणं. लाकडावर काहीतरी टेकल्याचा आवाज. पट्टी सरकली. चट्.

दार उघडलं. भुंगी दारात, हात पट्टीवर, कपाळ पुढे, आणि कपाळावर मधोमध ताजा, तांबडा, गोल वळ. अगदी गुंडीएवढा.

"बाबा अडकला," तिनं मला सांगितलं. मला बाहेर येऊ दिलं, दार लोटून बंद केलं, लागलं का ते ओढून बघितलं आणि पाचर माझ्या हातात दिली.

मी आधी शेगडीचं बटण बंद केलं. मग फरशीवर बसलो.

२१ मार्च

तिला म्हणालो, पुन्हा उघड. तिनं लगेच उघडून दाखवली. दोन्ही हात लागतील असा जोर तिच्या मानेत आणि अंगाच्या भारात आहे. कपाळ गुंडीवर टेकते, अंग झोकून देते, दोन्ही हात मोकळे. दार उघडलं की खाली पाचर सरकवते, माझ्यासारखीच. काम झालं की दार बंद. म्हणून कधी कळलंच नाही. काचपेपर, फडकं, तीन आठवड्यांच्या मुंग्या! ती कितीदा आत जाऊन आली, एकटी, करवतींच्या फळीखाली उभी राहिली, त्याचा हिशेब मांडायला बसलो आणि मध्येच सोडला.

हात मोजले, जोर मोजला, बोटं मोजली. कपाळ मोजलं नाही. कुठलं मूल कपाळानं दार उघडतं? ही खोड तिला कुठून लागली, काही समजत नाही. काकूंकडच्या एकाही पोराला नाही.

बायकोला सगळं सांगितलं, अंगठ्याच्या पट्टीसकट. ती उठली आणि भुंगीला इतकं घट्ट धरलं की भुंगी "सोड, काम आहे" म्हणाली. मग बायकोनं कपाटावरची बॅग काढली. मी दारातून बाजूला झालो. अडवण्यासारखं होतं काय? तिनं बॅग मागच्या खोलीत नेली आणि माझ्या पटाश्या, करवती, टर्पेंटाइनचा डबा, पॉलिशच्या बाटल्या एकेक करून तिच्यात भरल्या.

"ही माळ्यावर," ती म्हणाली. "आणि शिडी वर काकूंकडे. काम करायचं असेल तेव्हा जिना चढून शिडी मागून आणायची."

"आणि तू?"

"मी इथंच आहे. मला दोघांवर लक्ष ठेवायचंय."

मग तिनं विचारलं, "हे कपाळाचं खरंच कळत नाही तुम्हाला?" मी नाही म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मला आरशासमोर उभं केलं आणि निघून गेली. आरशात मी होतो. कपाळावर भुसा लागला होता, नेहमीसारखा. पुसला. यात हसण्यासारखं काय ते तिला माहीत.

दुपारी काकूंकडे जाऊन सहाही कड्या काढल्या. काकू म्हणाल्या, "अहो, चांगल्या चालल्यात की!" मी म्हणालो, म्हणूनच काढतोय, चालत नाहीत हे दिसत नाही.

२२ मार्च

कारखानदार कागद घेऊन आला. मी भुंगीला हाक मारली. तिनं उघडली, बंद केली, आणि त्याच्या नाडीकडे वळली. आज तो बिननाडीचे बूट घालून आला होता.

त्यानं स्वतः एकदा गुंडी दाबून पाहिली. मग म्हणाला, "मिस्त्री, दहा पोरांना उघडली नाही. एकीला उघडली. एवढं चालतं."

"कुणाला चालतं?"

"खोक्यावर बारीक अक्षरात लिहू. मोठ्यांनी लक्ष ठेवावं म्हणून."

"लक्ष ठेवायचं तर कडी कशाला?" मी म्हणालो. "माझी कडी लावली की माणूस निर्धास्त होतो. माझी बायको झाली होती. ती नर्स आहे. मी झालो होतो, आणि मी कडी केलीय."

"तुमच्या मुलीसारखी मुलं किती असतात?"

"ते मी मोजलेलं नाही. न मोजता मी काही सांगत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गाळा, खिडक्या, भुंगीचा पलंग, सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसलं. ती म्हणाली, "चहा टाकू का? साहेब निघतील आता."

तो निघाला. दारात थांबून वळला आणि आकडा वाढवला. भुंगी माझ्या पायाशी दाराला कपाळ टेकून, डोळे मिटून, गुणगुणत काहीतरी ऐकत होती.

सही झाल्यावर आकडा लिहीन म्हणालो होतो. सही झाली नाही, पण लिहितो, कारण ही वही पुढं मागं भुंगीच्या हाती लागणारच. मी कुठंही ठेवली तरी.

कडीसाठी आधी चार लाख. मग दारात उभं राहून साडेपाच. नको म्हणालो.